दाजींचा खेकडा

माझ्या ताईचा नवरा जेवणाच्या टेबलावर कानस चालवतो. एका बाजूला भाताचं पातेलं, दुसऱ्या बाजूला वस्तू आवळून धरायचा लोखंडी शेगडा, आणि सगळीकडे धातूचा भुगा. साखरेच्या डब्यात भुगा, ताईच्या केसांत भुगा. एकदा चहाचा घोट घेतला आणि दाताखाली कर्रकन वाजलं. तेव्हापासून मी त्या घरात चहा गाळून घेते.

भुग्याचं एक वेळ सोडा. वर्षानुवर्षं झाडं छाटताना दोर धरून दाजींची बोटं मेली आहेत, सुई टोचली तरी कळत नाही. म्हणून घासलेली कड गुळगुळीत झाली की नाही हे ते जिभेने तपासतात. ज्या वस्तूवर झाडाचा चीक, पक्ष्यांची घाण आणि चिरडलेल्या सुरवंटांचा लगदा बसलेला असतो, ती वस्तू हा माणूस डोळे मिटून जिभेवरून फिरवतो आणि म्हणतो, "अजून जरा टोचते." मला ओकारी येते. समोर बसून जेवणारी ताई कशी जेवते, देव जाणे.

त्या वस्तूला आम्ही खेकडा म्हणतो. मुठीएवढा असतो, एकमेकींना जोडलेल्या पट्ट्या आणि वर एक दांडी. फांदीच्या बेचक्यातून दोर टाकायचा, दोरावर खेकडा बसवायचा आणि तो कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. माणूस लोंबकळला की त्याच्या वजनाने पट्ट्या तिरक्या होतात आणि आतल्या खाचा दोराला चावतात. दांडी दाबली की पकड सैल होते आणि माणूस हळूहळू खाली येतो. म्हणजे खेकड्याने धरलं तर दाजी आहेत, सोडलं तर माझी ताई विधवा. आणि दाजी घासत बसतात त्या नेमक्या याच खाचा.

मुळात ते फिटर. कारखाना बंद पडला तेव्हा शेजाऱ्याच्या छपरावर आलेली फांदी कापायला म्हणून चढले, ते अजून खाली उतरलेच नाहीत, असं ताई म्हणते. पण फिटरची खोड गेली नाही. हातात नवी वस्तू आली की तिच्यात खोट काढायची. लग्नात मिळालेलं घड्याळ त्यांनी पहिल्याच आठवड्यात उघडलं, ते अजून एका वाटीत पडून आहे. सगळंच वाया जातं असं मी म्हणणार नाही. चढताना दोर पकडणाऱ्या पायातल्या चिमट्याचे दात दोराचे धागे उपसायचे, ते त्यांनी बोथट केले, बरं केलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गळ्यात घालून खेकडा छातीशी ओढून धरला, म्हणजे चढताना तो आपोआप वर सरकतो. तेही ठीक. फक्त त्या घामट ट्यूबचा वास गल्लीच्या टोकापर्यंत येतो.

मी खालची. दोर सांभाळायचा, पडलेल्या फांद्या ओढायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर ओरडायचं. अंगाने मी भरलेली आहे, आणि खाली तसंच माणूस लागतं. खेकडा नवा आणला तेव्हा खात्री करायला दाजी आणि मी दोघं एकदम त्याला लटकलो होतो. त्याने दोघांनाही धरलं होतं. ताई हसून हसून खाली बसली होती.

गेल्या थंडीत खेकडा अडकायला लागला. आधी दांडी दाबली की दाजी अलगद खाली यायचे. आता दाबली तरी जागच्या जागी. मध्येच लटकून पाय झाडायचे, खेकड्याची आई-बहीण काढायचे, आणि खाली बघे जमायचे. दाजींनी ठरवलं की खाचा जास्त चावतात. झालं, कानस निघाली. काही दिवस बरं चाललं, पुन्हा अडकलं, पुन्हा कानस. मग आतली स्प्रिंग काढून जुन्या कुलपातली नरम स्प्रिंग बसवली. कमरेच्या पट्ट्यालाही नवी भोकं पाडली. मी म्हटलं, "आता पट्टा पण बिघडवा!"

त्या दिवसांत त्यांच्यासमोर बसणं म्हणजे शिक्षा होती. एक घास गिळायच्या आत दुसरा तोंडात. पातेल्याला लागलेलं खरवडून खायचं, वर ताईच्या ताटातलं उचलायचं. आम्ही स्वेटर घालून कुडकुडत बसायचो आणि हे बनियनवर, घामाने निथळत. तो घाम टपटप त्या भुग्यात. हात थरथरायचे, कानस टेबलाला लागायची. काही बोलायला जावं तर अंगावर यायचे. ताई म्हणायची, "कष्टाचा माणूस आहे गं, खाऊ दे." मी माझं ताट घेऊन जिन्यात जाऊन बसायचे.

एकदा एका शाळेच्या मागचं झाड छाटत होतो. खेकडा पुन्हा अडकला. दाजी कसेबसे हिसके देत खाली आले, तिथेच बुंध्याशी बसले, खिशातून कानस काढली आणि जीभ बाहेर. माझं डोकं फिरलं.

"आणा तो इकडे! खेकड्यात काही खोट नाही दाजी, खोट तुमच्यात आहे!"

त्यांचा पट्टा ओढून-ताणून माझ्या कमरेला शेवटच्या भोकात बसवला, खेकडा अडकवला आणि जमिनीपासून वीतभरावर पाय उचलले. खेकड्याने मला क्षणभरसुद्धा धरलं नाही. सर्रकन सुटले आणि धप्पकन लाकडाच्या भुशात बसले.

दाजी खो खो हसले. "धाकटे, हत्तीसाठी नाही केलेला तो!"

"आपण दोघं लटकलो होतो याला," मी म्हटलं. "आता तुम्ही लटका."

ते लटकले. धरलं. वर दांडी दाबली तरी खाली येईनात. घासून घासून बोडका केलेला खेकडा, मला न धरणारा, आणि त्यातूनही खाली सरकायला दाजींचं वजन पुरत नव्हतं. मग मी त्यांच्याकडे बघितलं. समोर असायचे रोज, पण किळस येते म्हणून मी तोंड फिरवून बसायचे. गालफडं बसलेली, डोळे बाहेर आलेले, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा.

"दाजी, वजन किती तुमचं?"

"आहे तेवढंच."

"कधी केलं होतं?"

"लग्नाच्या आधी."

झाड अर्धवट टाकून मी त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, हात पुढे धरायला लावले, रक्त काढलं. गळ्यातली गाठ, थायरॉईड म्हणतात ती, भलतीच जोरात चालली होती, खाल्लेलं सगळं जाळत होती. आणखी काही महिने असेच काढले असते तर हृदय थकलं असतं, आणि तेही बहुधा झाडावरच. गोळ्या दिल्या. अंग भरून येईपर्यंत झाडावर चढायचं नाही, असं बजावलं.

पण अंग भरलं हे कळणार कसं? दाजी दवाखान्यातल्या काट्यावर उभे राहायला तयार नव्हते. "त्याची स्प्रिंग ढिली आहे," म्हणाले. घरामागच्या झाडाच्या बुटक्या फांदीवरून त्यांनी दोर सोडला आणि रोज सकाळी त्याच बोडक्या खेकड्याला लटकायला लागले. तो सुटला की अंग भरलं, असा त्यांचा हिशोब. रोज खेकडा धरायचा आणि रोज दाजींचं तोंड उतरायचं. ताई खिडकीतून बघायची आणि आत वळायची. ती रात्रीची झोपत नव्हती, हे मला तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

एका सकाळी मी दात घासत होते आणि मागून धप्प आवाज आला. बाहेर धावले. दाजी चिखलात बसलेले, पाय पसरून, पाठीपर्यंत माखलेले.

"सुटला!" ते ओरडत होते. "धाकटे, सुटला! ताईला बोलाव!"

ताई ओले हात तसेच घेऊन आली आणि त्या चिखलातच त्यांच्याशेजारी बसून ढसाढसा रडली.

तो खेकडा मी त्याच दिवशी हातोडीने ठेचला. नवा आणला. याला कानस लावणार नाही, अशी दाजींनी शपथ घेतली. त्यांच्या शपथा मी ओळखून आहे. घड्याळ अजून वाटीत आहे. म्हणून ते चढायच्या आधी खेकडा माझ्या हातात द्यायचा, असा मी नियम केला आहे. बारीक घासलेलं डोळ्यांना दिसत नाही, आणि दोर ओढून ओढून माझीही बोटं आता मेली आहेत. मी झाडाआड जाते, कुणी बघत नाही ना हे पाहते आणि आतल्या खाचा जिभेवरून फिरवते. चीक, घाण, काल चिरडलेलं काहीतरी. शी! पण जीभ टोचेपर्यंत मी तो तोंडाशी धरून ठेवते. टोचली की थुंकते, आणि दाजींना म्हणते, "चढा."