बंद कूलरच्या खोलीतली गिटार

नागपूरच्या इंदोऱ्यात शामला मास्तरणीला सगळे टरकून असत. मनपाच्या शाळेत तिसरीचा वर्ग, अंगावर कडक खळ घातलेलं सुती पातळ, आणि जीभ अशी की भाजीवाला तिच्यासमोर तराजू नीट धरायचा. पण तिची खरी धार घरासाठी राखलेली होती आणि घरातही एकाच माणसासाठी. तो तिचा थोरला भाऊ रुपराव.

वैर जुनं होतं. वडील गेले तेव्हा रुपराव ऑर्केस्ट्रात गायचा. आज भिलाई, उद्या जबलपूर. इकडे घर शामलाच्या पगारावर चालायचं. तिच्या लग्नाचं बोलायला वेळ असलेला माणूस घरात नव्हताच. रुपरावने नवी गिटार घेतली तेव्हा जुनी, पाठीला तडा गेलेली, माळ्यावर फेकली. शामलाने ती खाली काढली, तडा सरसाने बुजवला आणि शाळेतून आल्यावर एकटीच वाजवत बसू लागली. शिकवायला कोणी नव्हतं. रेडिओवरचं गाणं कानात धरायचं आणि ते बोटांना सापडेपर्यंत हटायचं नाही. बोटं सोलली, मग घट्टे पडले. रोज आधी बुद्धवंदना म्हणायची आणि मग गिटार, हा तिचा नेम झाला.

एका वर्षी विहारातल्या कार्यक्रमात तिने वाजवायचं ठरलं. पातळ इस्त्री करून ठेवलं होतं. त्या दिवशी रुपराव नेमका घरी होता. तो म्हणाला, आमच्या घरची पोरगी स्टेजवर बसणार नाही. रात्रंदिवस स्टेजवर उभा राहणारा माणूस हे बोलला. जिजाबाई, त्यांची माय, रडायला लागली म्हणून शामला गप्प बसली. पण त्या दिवसापासून भावाशी तिचं बोलणं दार लाव, पाणी आलं, एवढ्यापुरतंच उरलं. एका छपराखाली राहून माणसं किती वर्षं न बोलता राहू शकतात, हे त्या घरात पाहावं.

पुढे कॅसेटचे दिवस आले. ऑर्केस्ट्राची आमंत्रणं आटली, रुपरावचा गळाही जाड झाला. सीताबर्डीत भैय्याजींचं कॅसेटचं दुकान होतं. बुद्धाची, बाबासाहेबांची गाणी तिथे हातोहात खपायची. भैय्याजी रुपरावला म्हणाले की बुद्धपौर्णिमेच्या आधी गाणी टेप करून आणा. पेटी आणि गिटार पुरे, पण आवाज स्वच्छ पाहिजे. चांगलं झालं तर कॅसेट काढतो.

पेटी रुपराव स्वतः वाजवायचा. गिटारवाला लहानू लग्नसराईत गुंतलेला. उरली घरातली गिटार. पण बहिणीला विचारील तो रुपराव कसला. शामला समोर गहू निवडत बसली होती आणि हा मायला म्हणाला, "माय, तिले विचार, वाजवते का."

शामलाही मायलाच म्हणाली, "त्याले सांग, वाजवतो."

तिने होकार भावासाठी दिला नव्हता. स्टेज तर तिच्या नशिबातून कधीच गेलं होतं. पण कॅसेटला कोण अडवणार? घराघरात ती वाजेल, आणि त्यात शामलाचा हात ऐकू येईल. आयुष्यात तिला एवढं एकच पाहिजे होतं, आणि ते भावाच्या पेटीशेजारी बसूनच मिळणार होतं.

मागची धान्याची खोली टेप करायला तयार केली. भिंतींवर गोधड्या लटकवल्या, खिडकीत नवा कूलर होता त्याच्या भोवतीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, घड्याळ बाहेर नेलं. फळीवरची स्टीलची ताटं गिटारच्या एका सुराला झणझणायची म्हणून तीही अंगणात गेली. जिजाबाई दोन दिवस कुरकुरत राहिली की पोरांनी माझा संसार उघड्यावर आणला. शामलाने काचेच्या बांगड्या उतरवून कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीजवळ ठेवल्या. त्यावर रुपराव पुटपुटला की हात आधीच मोकळे होते, आता आणखी मोकळे झाले. लग्न न झालेल्या बाईला सख्खा भाऊ असं बोलतो. तिने ऐकलं आणि तारा ताणायच्या पेगचे स्क्रू घट्ट करत राहिली.

मग माइकवरून जुंपली. रुपरावने माइक गिटारच्या भोकासमोर बांधला. आवाज भोकातून येते तर माइक तिथेच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. टेप ऐकली तर कोणी रांजणात तोंड घालून बोलावं तसं घुमत होतं. शामलाने न विचारता माइक बाजूला सरकवला, जिथे गिटारची मान पोटाला जुळते तिथे. त्याने परत भोकासमोर आणला. तिने परत सरकवला. शेवटी दोन्ही टेपा ऐकवल्या तेव्हा जिजाबाईसुद्धा म्हणाली की दुसरी बरी वाटते. रुपरावने मायकडे असं पाहिलं, जणू तीही वैऱ्याच्या पक्षात गेली.

एवढं होऊनही गाणं जमेना. पहिलं कडवं छान जाई, दुसऱ्यात कुठेतरी खटके, आणि तिसऱ्याला गिटार पेटीपासून स्पष्ट खाली उतरलेली असे. पेटीचा सूर तर हलत नाही. म्हणजे खोट कोणाची, हे रुपरावने सांगायची गरज नव्हती, पण त्याने सांगितलं.

"तिचा कान गेला," तो मायला म्हणाला. "पोरायले पाढे शिकवून शिकवून बहिरी झाली."

शामलाने तारा नव्या घातल्या. पेग आवळले. बोटं दाबायची पद्धत बदलून पाहिली. काही फरक नाही. तिसऱ्या कडव्याला गिटार उतरायचीच. तिचा स्वतःवरचाच विश्वास ढासळू लागला. संध्याकाळी वंदना म्हणताना तिचं मन मूर्तीपाशी नसायचं, त्या उतरलेल्या सुरापाशी अडकलेलं असायचं.

रुपराव वाट पाहणारा नव्हता. लग्नाच्या तिथी संपत आल्या होत्या, लहानू आता मोकळा होत होता. त्याने लहानूला बोलावणं धाडलं आणि हेही मायमार्फतच सांगितलं. सोमवारी लहानू येते, म्हणाला, तवा गिटार कोपऱ्यात ठेव म्हणा.

आदल्या दुपारी वीज गेली. वैशाखातली दुपार, बाहेर गरम वाऱ्याची लू वाहत होती. खिडकीतला कूलर घरघर करत थांबला आणि खोलीची भट्टी झाली. रुपराव अंगणात झाडाखाली जाऊन पडला. शामला आत गेली, दार ओढून घेतलं आणि गिटार घेऊन बसली. उद्यापासून ही कोपऱ्यात जाणार, तर आज मन भरून वाजवावं, एवढंच मनात होतं. घामाने पातळ पाठीला चिकटलं. गिटार हातात तापलेली लागली आणि ढिली वाजत होती. तिने पेटी जवळ ओढली, सूर धरला, तारा लावल्या आणि वाजवत राहिली. एक गाणं झालं, दुसरं झालं. पेटी दाबून पाहिली. सूर जुळलेलाच होता. आणखी एक गाणं वाजवलं, परत पेटी दाबली. जुळलेलाच.

ती हात थांबवून कूलरकडे पाहत राहिली.

रोज काय व्हायचं? सकाळपासून कूलर चालायचा. थंड, ओलसर हवेत गिटार लावली जायची. मग टेपेत घरघर नको म्हणून ऐन वेळी कूलर बंद. खोली तापायची, तारा ढिल्या पडायच्या आणि सूर खाली. पेटीला काही होत नसे म्हणून बोट तिच्याकडे जात होतं. उन्हाळ्याचं नागपूर आणि नवा कूलर, यात दोघं फसली होती. कान तिचा शाबूत होता.

आता कोणी म्हणेल, तिने उठून भावाला सांगायला हवं होतं. ती दारापर्यंत गेलीही. झाडाखाली रुपराव तोंडावर गमछा टाकून पडला होता आणि मायला सांगत होता की लहानू आला म्हणजे गाणं कसं हुकमी होईल, घरच्या बाईमाणसाच्या नादी लागून आठवडा वाया गेला. शामला तशीच आत वळली. तिने कोणालाच काही सांगितलं नाही.

सोमवारी लहानू आला. त्याला सरबत, त्याला कूलरसमोरची जागा. गिटार त्याने अगदी देखणी लावली. कूलर बंद झाला, टेप सुरू झाली. शामला चौकटीला टेकून उभी होती. पहिलं कडवं सुरेख गेलं. तिसऱ्यापाशी रुपरावच्या कपाळाला आठी पडली. तो गाता गाता थांबला.

परत केलं. परत तेच.

"काय गा लहानू," रुपराव म्हणाला, "लग्नात दारू पिऊन पिऊन हात हालून राहिला का तुहा?"

लहानू शांत माणूस, पण कलावंत होता. गिटार खोळीत घालताना तो म्हणाला की ऑर्केस्ट्रात तुझा सूर हुकायचा तेव्हा आम्ही सांभाळून घ्यायचो, तोंडावर कधी बोललो नाही. आज बोलतो. मग चौकटीतल्या शामलाकडे पाहून म्हणाला, "याच्यासंग तुम्हीच वाजवू शकता बाई. तुम्हाले सवय हाये." आणि गेला.

रुपराव पेटीवर हात ठेवून बसला. जिजाबाईने पाणी दिलं, ते घेतलं नाही. आता त्याला कळत असावं की दोन वेगळे हात एकाच ठिकाणी कसे चुकतील. पण कळणं आणि वळणं वेगळं. मग तो मायला म्हणाला, "तिले विचार..."

"मायले नको सांगू," शामला म्हणाली. "मी इथंच उभी हाये."

जिजाबाई उठून बाहेर गेली. या दोघांच्या मध्ये उभं राहायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"वाजवते का?" रुपराव भिंतीकडे पाहत म्हणाला.

"कोणाले विचारून राहिला?"

"तुले."

"मले नाव हाये."

त्याने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. माया म्हणावी असं त्या नजरेत काही नव्हतं. "शामले," तो म्हणाला, "वाजवते का?"

मग तिने त्याला सांगितलं. उद्या कूलर लावायचा नाही. सकाळपासून दार बंद. खोली तापू द्यायची, गिटार तिथेच ठेवायची, आणि दोघांनी आत बसायचं. पुरती तापली की मग तारा लावायच्या. तो म्हणाला की गळा कोरडा पडेल. ती म्हणाली की पडू दे.

"तुले कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"कालपासून."

"अन् लहानूले येऊ देलं?"

"तूच बोलावला."

दुसऱ्या दिवशीही शाळेला उन्हाळ्याची सुट्टीच होती. सकाळीच दोघं त्या खोलीत समोरासमोर बसली. ऊन चढलं तशी गोधड्यांतून ऊब यायला लागली. रुपरावचा सदरा भिजला. तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा आणि मनातल्या मनात बहिणीला काय काय म्हणायचा ते चेहऱ्यावर दिसत होतं. ती डोळे मिटून त्रिशरण म्हणत होती. करुणा मनात यावी म्हणून तिने प्रयत्न केला. नाही आली. निदान हात स्थिर राहो, एवढं तिने मागितलं.

तारा लावल्या. टेप सुरू झाली. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला रुपरावचे डोळे तिच्या बोटांवर खिळले होते, चूक होण्याची वाट पाहत असल्यासारखे. चूक झाली नाही. गळा कोरडा पडला होता खरा, पण त्यामुळे त्याचा ऑर्केस्ट्रातला नखरा गळून पडला आणि गाणं साधं, जवळून म्हटल्यासारखं आलं. शेवटची ओळ संपली. तिने शेवटचा झंकार सोडला.

रुपरावचा हात बटणाकडे गेला. शामलाने तळवा उचलून त्याला थांबवलं. तार अजून वाजत होती. तो थांबला. सूर बारीक होत होत गोधड्यांत विरेपर्यंत दोघांनी श्वास धरला. मग तिने मान हलवली आणि त्याने टेप बंद केली.

ऐकून पाहिली. गिटार स्वच्छ होती, शेवटपर्यंत जुळलेली. कॅसेट बाहेर काढून रुपराव खिशात घालणार, तेवढ्यात शामलाने हात पुढे केला.

"इकडे दे."

"काहून?"

तिने ती त्याच्या हातातून घेतली, अंबाड्यातला आकडा काढला आणि कॅसेटच्या पाठच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही कान कटकन तोडले. ते तुटले की त्या कॅसेटवर पुन्हा दुसरं काही भरता येत नाही. ना लहानूची गिटार, ना आणखी कोणाची.

"सख्ख्या भावावर एवढाही भरोसा नाही काय वं?" रुपराव म्हणाला.

"नाही," शामला म्हणाली, आणि कॅसेट त्याच्या हातात ठेवली. "जाय आता. भैय्याजीचं दुकान दुपारी बंद राह्यते."