भाऊजींच्या खतावर मधमाश्या का येतात

आपल्या सिहोऱ्यात फेकून देण्यासारखं काहीच नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस आहे, आणि तो आपल्या परसाच्या कुंपणापलीकडे राहतो. मुलांनो, तुमच्या आजोबांच्या या मावसभावाला मी लग्न होऊन आले तेव्हापासून भाऊजी म्हणते. अर्धं आयुष्य त्यांनी चिखल्याच्या खाणीत, जमिनीखाली काढलं. कायमचे वर आले आणि त्यांनी घरामागे खताचा ढीग रचला. तुम्ही कंपोस्ट म्हणता तेच. फक्त तुमच्याकडचं झाकणाच्या डब्यात असतं, आणि भाऊजींना झाकण म्हणून सहन होत नाही. रोज सकाळी ते फावड्याने ढीग वरखाली करतात आणि त्याला समजावतात, "घे बापा, श्वास घे. अंदर जीव कसा गुदमरते, मले मालूम हाय."

लग्नाच्या पंगतीला हा माणूस आहेराऐवजी रिकामी टोपली घेऊन जातो. एकदा वराचे वडील हात धरून म्हणाले, "भाऊ, आधी जेवून तं घ्या." भाऊजी पत्रावळींमागे वाकलेले होते. "जेवन कुठं जाते जी? सालं ढोरं खाऊन टाकतीन ना!" आमच्या स्वयंपाकघरातली सालं मी बारीक चिरून, कागदात बांधून पाठवते. कागद घडी घालून परत येतो. एकदा दुधाची पिशवी चुकून आत गेली, तर ती धुऊन, वाळवून माझ्या हातात दिली. "वहिनी, हे पन्नी तुमची हाय." चारचौघांत मला एवढं ओशाळवाणं कोणी केलं नव्हतं.

या ढिगावर मधमाश्या येतात. सकाळी येणाऱ्या म्हणजे भाऊजींच्या लेखी खाणीतली पहिली पाळी, दुपारच्या दुसरी. मला वाटायचं, आंब्याच्या सालीसाठी आणि सडक्या मोहफुलांच्या वासासाठी येत असतील. "गोड तं लागतेच," भाऊजी म्हणाले, "पन पाणी पयले." चैत्रात तलाव उतरतो, काठचा चिखल भेगाळतो, तेव्हा माशीला प्यायला ओल हवी असते. उघड्या पाण्यात ती बुडते. ढिगातल्या ओल्या काडीवर बसून निवांत पिते. त्या पाण्यात खताचा खारेपणा उतरलेला असतो, तोही तिला हवा असतो. आणि थंडीत ढीग आतून ऊबदार असतो, म्हणून वर येऊन बसते. हे सगळं त्यांनी नुसतं उकिडवं बसून पाहिलं.

ईरा, मागच्या उन्हाळ्यात तुला याच ढिगाजवळ माशी चावली. ओठ सुजला, श्वासाला शिट्टी वाजू लागली, आणि तुमसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी गाडीत तुझे श्वास मोजत होते. यंदा तुम्ही पुन्हा येणार होतात. मी भाऊजींना सरळ सांगितलं, ढीग हलवा.

"माशीनं मुद्दाम नाही केलं जी."

"मुद्दाम नसेल. पण पोरीचा श्वास अडकला होता, भाऊजी."

ते उठून घरात गेले. मला थांबायची सवय नाही. त्याच दिवशी मी गड्याकडून ढिगावर ताडपत्री घालून कडेने विटा ठेवून घेतल्या. काम नीटनेटकं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तहानलेल्या माश्या आमच्या स्वयंपाकघरात होत्या. माठावर, ओल्या फडक्यावर, भांडी घासायच्या ओट्यावर. मी अंगणात उभी राहून भाऊजींना हाका मारत होते.

ते आले, दारातूनच आत पाहिलं. "पाणी बंद केलं वहिनी तुमी. आता माशा कुठं जातीन?"

मग त्यांनी मातीचं परळ घेतलं, त्यात खडे घातले, पाणी ओतलं, कडेला ओलं पोतं ठेवलं. माश्या त्यावर बसू लागल्या, तशी रोज दुपारी ते परळ पुढे सरकवलं. चारच पावलं. "जास्त सरकवलं तं त्याइले सापडत नाही." डोक्याला दुपट्टा गुंडाळून, दर पावलाला थांबत, महिनाभर ऐन उन्हात त्यांनी माश्यांना बांधापलीकडच्या जुन्या विहिरीपर्यंत नेलं. ढीग टोपल्यांनी मागोमाग गेला. तुमच्या यायच्या आठवड्यात परसात एक माशी नव्हती. मी खाटांखालीसुद्धा पाहिलं.

आणि तुमचं येणं रद्द झालं. डॉक्टर नको म्हणाले, ते बरोबरच होतं. मी सांगायला गेले तेव्हा भाऊजी अंगणातल्या खाटेवर बसले होते. "बरं झालं. पोरीचा जीव मोठा." मग विहिरीच्या दिशेने पाहत म्हणाले, "मंग वहिनी, वापस आणू का आता?"

मी म्हटलं, आणा.

अर्ध्या वाटेपर्यंत त्यांनी आणलं. मग खाणीतून सोबत आणलेला दम वाढला. आता ते खाटेवरून उठत नाहीत. ढीग मी गड्याकडून त्यांच्या मागच्या अंगणात परत रचून घेतला; माश्या मात्र टोपलीत भरून आणता येत नाहीत. म्हणून दुपारी छत्री घेऊन परळ सरकवायला मीच जाते. मृग लागला की माशीला पाणी कुठेही मिळेल, मग ती परळामागे येणार नाही. फार दिवस उरलेले नाहीत.

"कुठवर आल्या?" भाऊजी रोज विचारतात.

"तुमच्या पेरूच्या झाडापर्यंत," मी काल सांगितलं.

"मंग आवाज आला पाहिजे जी." त्यांनी तिकडे मान वळवून डोळे मिटले. काहीच ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, वारा उलटा आहे.

आज परळ उचलताना मला आठ पावलं टाकावीशी वाटली. चारच टाकली.