जीपमधली निळी पट्टी

भोरच्या गाडी सजवणाऱ्याने मला फसवलं. वायर जळल्याचा वास आला की अजून डोकं फिरतं. राजगडाला येणाऱ्या पाहुण्यांना आवडावी म्हणून मी जीपच्या डॅशबोर्डखाली निळी एलईडी पट्टी बसवून घेतली, तीही तासभर घासाघीस करून. गडाच्या पायथ्याच्या पाली गावाच्या अलीकडे चढावर डॅशबोर्डमधून धूर निघाला. सगळे प्रवासी घाबरून उतरले आणि दुसऱ्या जीपने गेले. गाडी ओढत त्या सजवणाऱ्याच्या दुकानात नेली, तर पट्टीच्या वायरला फ्यूजच नव्हता. "फ्यूज कुठाय रे?" मी ओरडलो. "मालक, तुमीच म्हनला कमी करा, म्हून न्हाई टाकला," तो हसत म्हणाला. भाव मी पाडला, आजही कबूल करतो. पण फ्यूज वगळलाय हे मला सांगायचं कुणी? याचं उत्तर त्याने द्यावं.