मामांच्या माश्या

"ह्यांच्या पोटाला काय हाय का?"

प्रयोगशाळेच्या दारातून हे ऐकू आलं आणि मी बाहेरच थांबले. वाटलं, आत कोणाचे पाहुणे आलेत. डोकावून पाहिलं तर मामा एकटेच, टेबलावरच्या दुधाच्या रिकाम्या बाटल्यांवर वाकून उभे. बाटल्यांत माझ्या फळमाश्या होत्या.

मामा म्हणजे सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई. मूळचे जतकडचे मेंढपाळ. दुष्काळात कळप गेला, तेव्हा खाकी अंगावर आली. भेटेल त्याच्या पोटाची चौकशी करायची त्यांना सवय होती. प्राचार्यसुद्धा त्यातून सुटले नव्हते. कपाटात औषधाच्या बरणीत बुडवून ठेवलेल्या सापाकडे बघून एकदा मामा हळहळले होते, "ह्यो उपाशीच गेला जनू." आता त्यांच्या स्टुलावर नवा शिपाई बसतो. तो कोणालाच काही विचारत नाही.

मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून आलेली. मराठी सगळं समजायचं, पण प्रत्येक वाक्य मी आधी मनात तपासून घ्यायची, आणि तपासून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. मामा जात नसत. "आवं ताई, बोला की. आमी काय मास्तर हाय व्हय चुका काडाय?" असं म्हणून स्टुलावर बसून राहायचे. मी हसून डबा पुढे करायची. तेवढ्यावर आमचं जमलं होतं.

माझा प्रयोग साधा होता. मक्याचं पीठ नि गूळ शिजवून बाटलीत थर द्यायचा, माश्यांच्या चार जोड्या सोडायच्या, कापसाचा बोळा लावायचा, आणि त्यानंतर आत काहीही घालायचं नाही. दर तीन दिवसांनी माश्यांना भूल देऊन, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ओतून, कुंचल्याच्या टोकानं मोजायचं. माश्या आधी हळू वाढतात, मग भराभर, आणि खाणं पुरेनासं झालं की वाढ थांबते. आलेखावरची रेघ डोंगर चढून पठारावर येते. पाचगणीत वाढलेल्या मुलीला एवढं तरी ओळखीचं होतं.

पण माझी रेघ पठारावर येईना. पाच आठवडे झाले तरी चढतच होती. कागद संपला, मी वर दुसरा चिकटवला. आमच्या विभागप्रमुख सरांनी चष्मा कपाळावर नेला. "अहो, समोरच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलाय. तो दाखवा जरा तुमच्या माश्यांना!" सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मामा हसले. मग सर खाली वाकून हळूच म्हणाले, "आकडे घरी बसून लिहिता का?"

मी मनात उत्तर तपासू लागले. सर निघून गेले.

दोन दिवसांनी मी सकाळी लवकरच प्रयोगशाळेत गेले. मामा एकेक बोळा काढून बाटलीत केळ्याचा चिमूटभर गर सोडत होते.

"दमानं, दमानं. समद्यास्नी हाय. त्या म्हातारीला वाट द्या की रं."

मला पाहताच केळं पाठीमागे गेलं.

"ताई, थर पार सुकला हुता वो. आत लेकुरवाळी हाईत."

"पण मामा, खाणं संपल्यावर काय होतं, तेच तर बघायचं होतं." त्यांच्याशी मी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य.

मामा स्टुलावर बसले. "त्याला बाटली कशाला पायजे? मला इचारायचं. आदी गाभन मेंढ्या गाभडत्यात, पोटातलं जातंय. मग दूद आटतंय, कोकरं जात्यात. मग म्हाताऱ्या. गवात जेवढ्यांना पुरंल तेवढीच ऱ्हात्यात. लिवा वहीत." केळ्याच्या सालीची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. "एकदा बगितलंय. आनी बगवंना."

माझ्या पुस्तकातलं ते अख्खं प्रकरण होतं. पुस्तकात फक्त कोकरं नव्हती.

पुन्हा पहिल्यापासून प्रयोग करायला दिवस उरले नव्हते. खरं सांगावं तर मामांची पंचाईत, कारण ते हंगामी होते आणि त्यांना कायम करण्याच्या कागदावर सरांची सही व्हायची होती. गप्प बसावं तर माझे आकडे खोटे ठरणार. मी गप्पच बसले. त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. सर त्यांच्या शेजारी बसले होते. मामा पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभे. परीक्षकांनी माझा आलेख उलगडला तो टेबलावरून खाली लोंबला.

"ही रेघ थांबतच नाही! बाटलीत मधेच कोणी अन्न घातलं होतं का? तसं असेल तर प्रयोगच बाद. गुण मिळायचे नाहीत."

मामांनी ट्रे खाली ठेवला, टोपी नीट केली आणि एक पाऊल पुढे आले. ते तोंड उघडणार एवढ्यात मी उभी राहिले. वाक्य तपासायला वेळच नव्हता.

"मी घातलं, सर. केळं. उपाशी बगवंना."