खाणीतून आलेले पैसे

दुपारी चारच्या सुमारास मोबाईल वाजला. माझ्या खात्यात साडेअठरा हजार रुपये जमा झाल्याचा मेसेज होता. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. पेन्शन महिन्याच्या सुरुवातीला येते, आणि ही तर वीस तारीख. पाठवणाऱ्याच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं होती. आधी ‘चुकून’ पैसे टाकायचे, मग फोन करून परत मागत खातंच साफ करायचं, असा प्रकार आमच्या सोसायटीत एकीबरोबर झाला होता. मी मोबाईल बंद करून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच उरण नाक्याजवळच्या शाखेच्या दारात जाऊन उभी राहिले.

काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवर पाहिलं. “काकू, हा डिव्हिडंड आहे. मोठी खाण कंपनी आहे ही. मागे मे महिन्यातही आलाय की.”

“मेमधलं मी पाहिलंच नाही. पण माझ्याकडे शेअर्स नाहीत.”

“तुमच्या नावावर असल्याशिवाय कसा येईल? घरी विचारा ना.”

घरी म्हणजे नवऱ्याला. रिक्षात बसले आणि डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. हे तीस वर्षं न्हावा शेवा बंदरात, कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होते. कंटेनर लवकर सुटावा म्हणून तिथे कोण कुणाच्या हातात काय ठेवतं, ते आम्ही ऐकून होतो. यांच्या बरोबरीच्या दोघांचे खारघरला फ्लॅट झाले होते. यांनी कधी काही घेतलं नाही, असं मी माहेरी मान वर करून सांगत आले होते. आता आठवलं, मागच्या वर्षी एका रविवारी यांनी माझ्या चार-पाच सह्या घेतल्या होत्या. केवायसी आहे म्हणाले होते. मी चष्मासुद्धा लावला नव्हता.

हे गॅलरीत जवळा निवडत बसले होते. मी चप्पल न काढताच विचारलं, “पोर्टवर घेतलेले पैसे माझ्या नावावर लपवलेत ना?”

ते उठले, हात धुतले आणि आतून एक फाइल आणून माझ्यासमोर ठेवली. “माझ्या ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत ते. तुझ्या नावाने शेअर्स घेतले. मी गेल्यावर तुला कुठे धावायला लागू नये म्हणून.”

मी तारखा ताडून पाहिल्या. एकदा नव्हे, दोनदा. ग्रॅच्युइटी जमा झाली त्यानंतर आठ दिवसांत खरेदी. हे तेवढा वेळ उभेच होते.

“साहेबांनी संशय घेतला होता, कस्टमवाल्यांनीही घेतला होता,” ते म्हणाले. “घरात तेवढा कुणी घेतला नव्हता.”

मी माफी मागायला हवी होती. पण तोंडातून निघालं ते, “मग मला सांगितलं का नाही?”

“तू नको म्हणाली असतीस.”

ते खरंच होतं. एफडीच्या व्याजापेक्षा इथे जास्त मिळतं, भाव वरखाली झाला तरी विकायचं नाही, बसून लाभांश खायचा, असा त्यांचा हिशेब होता. नवऱ्यावरचा माझा संशय निम्माअर्धा उतरला आणि कंपनीवर जाऊन बसला. एवढे पैसे कुणी का वाटेल?

माझं माहेर जासईच्या बाजूला. तिथला डोंगर भरावासाठी फोडताना मी पाहिलाय. सुरुंगांनी आमच्या घराच्या भिंतीला तडे गेले होते. मोठ्या भावाला मी हे शेअर्सचं सांगितलं, तर तो म्हणाला, “डोंगर सपला, मशीनवालं गेलं. आमी हाय तितंच. तुज्या कंपनीची खाण सपली का पैसं कोन देनार?”

मी कंपनीचा वार्षिक अहवाल मोबाईलवर उतरवून घेतला आणि शाळेचं रजिस्टर तपासावं तसा पान पान वाचला. शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांना अडलेलं विचारलं. दोन गोष्टी कळल्या. निम्म्याहून जास्त शेअर्स मालकाकडेच होते, म्हणजे वाटलेल्या पैशांतला मोठा वाटा त्याच्याच घरी जात होता. आणि ज्या वर्षी लाभांश वाढला, त्याच वर्षी कंपनीचं कर्जही वाढलं होतं.

भागधारकांची सभा ऑनलाइन होती. बोलायचं असेल तर आधी नाव द्यायचं, तसं मी दिलं. माझ्याआधी बोललेल्या सहा जणांनी अध्यक्षांचं इतकं कौतुक केलं की सत्यनारायणाला आल्यासारखं वाटलं. माझी पाळी आली. मोडक्या हिंदीत मी विचारलं, “खाण किती वर्षं पुरेल? कर्ज काढून लाभांश देता का? आणि खाण संपल्यावर तिथल्या गावाचं काय?”

अध्यक्ष हसून म्हणाले, प्रश्न फार चांगला आहे, लेखी उत्तर मिळेल. तीन आठवड्यांनी दोन ओळींची ईमेल आली. आम्ही जबाबदार कंपनी आहोत, असं तीत होतं. एकही आकडा नव्हता.

मी यांना म्हटलं, “विकू या.” ते नाही म्हणाले. पण शेअर्स माझ्या नावावर होते आणि ओटीपी माझ्या मोबाईलवर येत होता. मी अर्धे विकले आणि मग सांगितलं. ते फाइल उचलून आत घेऊन गेले. पुढच्या वेळी दर शेअरमागचा लाभांशच जवळजवळ अर्ध्यावर आला, तेव्हा भावही पडला, आणि मी मनातून खूश झाले. सहा महिन्यांनी भाव मी विकले तेव्हाच्याही वर गेला. तेव्हा ते खूश झाले, पण बोलून दाखवलं नाही.

उरलेले शेअर्स अजून आहेत. अहवाल आला की आम्ही दोघं मिळून वाचतो. ते वाचतात, मी मध्ये मध्ये थांबवते. परवा वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला आणि सरळ विचारलं, “अजून माझा संशय येतो का गं?”

“कंपनीचा येतो,” मी म्हटलं.

त्यांना ते उत्तर पुरलं नसावं. मलाही नाही. त्या फाइलमधल्या तारखा मी तिसऱ्यांदाही ताडून पाहिल्या होत्या, ते बाहेर गेलेले असताना. ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.