उलट्या आट्याचा नट

रत्नागिरीत बंगला बांधणाऱ्या मुंबईकरांना एक हौस असते, हिरवळीची. मग चार चाकांचं लॉन मोवर येतं. कातळावर ओतलेल्या वीतभर मातीवर ते दोन पावसाळे कसंबसं फिरतं आणि पुढे शेडमध्ये गंजत पडतं. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा एक ब्रश कटरही पडलेला असतो. लांब दांडा, एका टोकाला पेट्रोलचं इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगरणारं पातं. मोवर मी सुट्या भागांसाठी उचलतो. कटर मात्र दुरुस्त करून विकतो, कारण इकडच्या बागांत तोच चालतो. दिवसा शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायच्या आणि संध्याकाळी पडवीत कार्ब्युरेटर, असं माझं बरीच वर्षं चाललंय. पगारात भागत नाही हे खरं, पण बंद पडलेलं इंजिन भुर्रकन सुरू झालं की मला जो आनंद होतो तो शाळेत कधी झाला नाही, हेही खरं.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, लांज्याकडच्या एका वाडीतून एक बाई आली. चाळिशीची, नवरा मुंबईत कामाला, घरी म्हातारे सासरे. दसरा झाला की इकडे बागांची बेणणी सुरू होते. पावसाळ्यात कमरेएवढं माजलेलं गवत कापून झाडांखालची जमीन मोकळी करायची. तिला कटर घेऊन लोकांच्या बागा बेणून द्यायच्या होत्या. मी तोवर एकाही बाईला कटर विकला नव्हता आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. तिने पट्टा खांद्यावर टाकला, दोरी ओढली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू केलं. मी किंमत सांगितली.

"उद्या सकालीच मुहूर्त करनार," टेम्पोत मशीन ठेवताना ती म्हणाली. मग जरा थांबून, "भाऊ, पातं घट्ट हाय ना?"

"अहो, पंधरा वर्षं हेच करतोय मी!" मी खेकसलो.

हा माझा स्वभाव. माझ्या कामावर कुणी शंका घेतली की माझं डोकं सणकतं. खाली वाकून पातं पाहिलं असतं तर दोन मिनिटं गेली असती. पण मग तिच्या शंकेला किंमत दिल्यासारखं झालं असतं, म्हणून पाहिलं नाही.

दसऱ्याला सकाळी हत्यारांची पूजा करायला पेटी उघडली. पाने, पक्कड, कानस एकेक करून पाटावर मांडत होतो. पेटीच्या तळाशी एक नवाकोरा नट निघाला, पिशवीसकट.

पातं धरून ठेवणारा हा नट उलट्या आट्याचा असतो, म्हणजे डावीकडे फिरवला की आवळतो. त्या मशीनच्या जुन्या नटाचे आटे पार झिजले होते. चाचणीपुरता मी तोच लावला होता. नवा लावायचा राहून गेला होता. झिजलेला नट दगडाचा एक दणका बसला की सुटतो, आणि कातळावर दगडांना काय तोटा! सुटलेलं पातं चालवणाऱ्याच्या नडगीवर आलं तर हाड राहत नाही. बाई रबरी चपला घालून आली होती.

फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

"हळदकुंकू तरी वाहा," बायको म्हणत होती. मी नट खिशात कोंबला, पाना घेतला आणि स्कूटर काढली.

हातखंब्याला महामार्ग गाठला. पुढे जिथे रुंदीकरण अर्धवट आहे तिथे झेंडूच्या माळा घातलेल्या ट्रकांची रांग. मी डावीकडून, उजवीकडून, मिळेल तिथून घुसलो, शिव्या खाल्ल्या. मध्ये दोनदा थांबून फोन लावला. फोनमधला रेकॉर्ड केलेला आवाज तेच सांगत होता. खरं सांगायचं तर मी निम्मा तिच्या पायासाठी धावत होतो आणि निम्मा माझ्या नावासाठी. अख्ख्या तालुक्यात होणारं बोलणं मला आताच ऐकू येत होतं.

वाडीच्या फाट्यावर स्कूटर बंद करून कान दिला. वरच्या अंगाला कटर चालू होता. मी चढण धावत गेलो, करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडले. पाहतो तर कुणी भलताच माणूस गवत कापत होता. तिची बाग विचारली, त्याने मानेनेच पलीकडे दाखवली. पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. ती शांतता मला जास्त भिववून गेली.

काजूच्या बागेच्या टोकाला राखणदाराचा, म्हणजे जागेचं रक्षण करणाऱ्या देवाचा, दगड होता. त्याच्यापुढे सात-आठ माणसं हात जोडून उभी, मध्ये माझी मशीन, तिच्यावर झेंडूचं फूल. सासरे गाऱ्हाणं घालत होते, देवाला मोठ्याने साकडं घालत होते. बाई दोन्ही पायांवर धडधाकट उभी होती.

"बा राखणदारा म्हाराजा! आमच्या सुनेनं ह्यो यंत्र आनलान हाय. तिच्या हातापायाला इजा करू नुको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर माझ्यावर पडली. "आनि ज्या मान्सानं ह्यो यंत्र दिलान, तो आज सोता हितं आलाय, त्याच्या हाताला यश दे, त्याच्या पोराबालांचा बरा कर रे म्हाराजा!"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नाही अशी रीत आहे. मी त्या रीतीच्या आड लपलो. सगळ्यांबरोबर मीही म्हणालो, "व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. बाईने पट्ट्याला हात घातला.

"थांबा!" माझा आवाज चिरकला. "एकदा पातं बघतो."

मी बसलो आणि नटाला हात लावला. पान्याची गरजच पडली नाही, तो दोन बोटांत निघून आला. बाकीचे खोबरं फोडण्यात गुंतले होते. तीच तेवढी शेजारी उकिडवी बसली होती. तिने जुना नट उचलून आतून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

"पातं ह्याच्यावरच व्हतं काय?"

"हो. माझी चूक आहे. काल तुम्ही विचारलंत तेव्हाच बघायला हवं होतं." मी नवा नट आवळला आणि उठलो. "सासऱ्यांना सांगतो मी."

"बाबांना सांगू नका, भाऊ," ती हलक्या आवाजात म्हणाली. "म्हैनाभर नाय नायच म्हनत व्हते. आता कललं तर मना परत हात लावू देनार नाय."

मला हायसं वाटलं. ताबडतोब, अगदी उघड हायसं वाटलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. ती तिच्या धंद्यासाठी गप्प राहणार होती आणि त्यात माझी अब्रू आयती वाचत होती.

तिने इंजिन सुरू केलं. सासऱ्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "सनाच्या दिवशी मशीन बघायला येवढ्या लांब आलाव," ते म्हणाले, "असा मानूस आता गावत नाय."

मी खोबरं खाल्लं.