अर्ध्या इंचाच्या जखमेवरचं बँडेज

कमरेवरची जखम अर्ध्या इंचाची असेल, तर तुमच्या बागेतल्या मजुराला तुम्ही किती दिवस घरी बसू द्याल?

मधुकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात एका पत्रकाची प्रुफं तपासत होतो. त्याला आता पाच आठवडे झाले. ते माझ्या वडिलांचे मित्र, नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर. कमरेच्या हाडांचं कडं मोडून सरकलं, तर मोठी चीर घेऊन जोडताना रक्त फार जातं, आणि तिथं रक्त मिळायची मारामार. म्हणून नव्वदच्या दशकात काकांनी दुसरी वाट धरली... बाजूनं छोटंसं छिद्र, त्यातून हाडात लांब स्क्रू. हाड पडद्यावर दाखवणारं यंत्र दुसऱ्या दवाखान्यातून गुरुवारपुरतं मागून आणायचं, ड्रिल हातानं फिरवायचं.

सुरगाण्याकडची जनीबाई दिंडोरीला द्राक्षांच्या छाटणीला आली होती. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली, ती खाली सापडली. काकांनी स्क्रू बसवला, तीन महिने पाय टेकायचा नाही असं बजावलं. चौथ्या आठवड्यात नवरा तिला उचलून परत घेऊन आला. स्क्रू सरकला होता.

"कामावर गेली होती?" काकांनी विचारलं.

"जाईल नाय तं काय करील, डाक्टर?" नवरा म्हणाला. "मुकादम म्हनतो, एवढंसं भोक पडलं आन् तीन महिने बसती, लय नाजूक हाय. टोळीत दुसरी घेतो म्हने."

काकांनी स्क्रू पुन्हा बसवला, आणि या खेपेला त्या छिद्रावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत बँडेज गुंडाळलं.

मी तेव्हा विशीतला, मोर्चे-पत्रकांत रमलेला, काकांच्या दवाखान्यात येऊन-जाऊन असायचो. भडकलो. "काका, ही फसवणूक आहे. बाई अडाणी म्हणून तुम्ही तिला घाबरवताय."

"तिला कशाला घाबरवू? तिचं दुखणं तिला कळतं. हे मुकादमासाठी आहे. पटत नसेल तर जा, त्याला समजाव. हवं तर पत्रक छापून ने."

गेलो. कागदावर हाडं काढून तासभर बोललो. मुकादमानं सगळं ऐकलं, चहा पाजला आणि विचारलं, "मंग सोमवारी येईल ना बाई?"

दुसऱ्या दिवशी बँडेज बदलायचं होतं. मला दारात बघून काका म्हणाले, "या पुढारी. धरा हे टोक." मी धरलं. आठवड्यानं मुकादम स्वतः बघायला आला. ते पांढरं गाठोडं पाहून त्यानं टोपी काढली. "बाई, नीट बरी हो. तुझी जागा हाय."

जनीबाई तीन महिन्यांनी चालली. पहिल्या घाईनं एक पाय थोडा आखूड राहिला, तो राहिलाच.

काकांच्या वॉर्डात सिस्टर अजूनही छोट्या छिद्रावर मोठं बँडेज बांधतात. फसवणूक त्यात आहेच, पण ती कुणामुळे करावी लागते हे आता मला कळतं. म्हणून बागायतदारांनो, मुकादमांनो, एवढं करा. या छाटणीला कुणी लंगडत कामावर आली, तर डॉक्टरांनी किती महिने सांगितलेत ते तिला विचारा. उरलेले महिने तिला घरी पाठवा, टोळीतली जागा तिच्या नावानं ठेवा. तिला जखम दाखव असं म्हणू नका.